रोज एक वाक्य

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर नेमकं महत्त्वाचं तेच राहून जातं, म्हणून लिहितेय.

बाबा, कार-टी उपचारात तुमच्याच रक्तातल्या टी-पेशींना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना, प्रयोगशाळेत कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवून परत देतात. त्या कामाला लागल्या की रक्तात सायटोकाइन नावाची रसायनं भराभर वाढतात. ताप येतो, रक्तदाब उतरू शकतो. त्याच सुमारास किंवा मागोमाग, बहुधा पहिल्या आठवडा-दीड आठवड्यात, मेंदूवरही परिणाम दिसू शकतो. रक्त आणि मेंदू यांच्यामधली राखण सैल पडते. मेंदूवरच्या या परिणामाला डॉक्टर 'आयकॅन्स' म्हणतात. सगळ्यांनाच होतं असं नाही आणि झालं तरी बहुतेकांचं काही दिवसांत निवळतं. पण काहींना झटके येतात, क्वचित मेंदूला धोकादायक सूज येते. म्हणून लवकर ओळखायचं.

त्यासाठी 10 गुणांची एक तपासणी पुन्हापुन्हा होईल. साल, महिना, शहर, हॉस्पिटल सांगायचं, 3 वस्तूंची नावं घ्यायची, एक सूचना पाळायची, एक वाक्य लिहायचं, 100 पासून दहा-दहाने उलटं मोजायचं. बाबा, 'मला काय लहान मूल समजता?' असं म्हणून टाळू नका. गुण घसरले तर स्टेरॉइड कधी द्यायचं हे त्यावरून ठरतं.

आई, तुझं लक्ष मला बाबांच्या अक्षरावर हवंय. पुष्कळदा अक्षर लवकर बिघडतं, ओळ तिरकी जाते, हात थरथरतो. मग चष्मा हातात असूनही 'चष्मा' हा शब्द सापडत नाही. कदाचित ते भलतंच बोलतील, तुझ्याकडे नुसते बघत राहतील. तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस, तो आजाराचा भाग आहे. ताबडतोब नर्सला बोलव. कुणाची झोप मोडायला तुला जिवावर येतं, मला माहीत आहे. पण रात्रीचे दोन वाजले असले तरी 'सकाळी सांगू' नको. तापासाठी दिलेलं टोसिलिझुमॅब मेंदूत फारसं पोचत नाही, तेव्हा औषध चालू आहे म्हणून थांबू नकोस.

घरी आल्यावर डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडीची किल्ली तुझ्याकडे.

बॅगेत वही-पेन टाक. वाक्य बाबांनी निवडायचं, रोज तेच लिहायचं. पहिलं मात्र पेशी देण्याच्या आदल्या दिवशी लिहा, म्हणजे ताडून बघायला त्यांचं खरं अक्षर हाताशी राहील. त्या पानाचा फोटो मला पाठव.

तुमची,
ताई