बडोद्यातला पोरांचा पहिला उन्हाळा

दांडिया बाजार, बडोदे
२२ एप्रिल

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. नाशिकहून बडोद्याला बदली झाल्याची बातमी वाचून आधी आईला सांगितलं. ती तेव्हापासून वहिनींसाठी लोणच्याच्या कैऱ्या कुठून घ्यायच्या ते ठरवते आहे.

घराचं डिपॉझिट, सामानाचा टेम्पो, दोन पोरांचे शाळाप्रवेश, सगळं एकाच महिन्यात आलंय. त्यात सुट्टीत पोरांना कुठे गुंतवायचं ही वहिनींची काळजी मला पटते. तू पाठवलेल्या समर कॅम्पच्या दोन्ही जाहिराती नीट वाचल्या. माझं मत सरळ सांगतो. या वर्षी तिथे पैसे भरू नकोस. कॅम्पमध्ये वाईट काही नाही, पण ईरा आणि ओम नव्या गावात येताहेत, ओळखीचं कोणी नाही, कानावर पडणारी भाषाही निराळी. त्यांना आधी हे गाव आपलं वाटू दे. त्यासाठी गावात फिरायला हवं आणि बडोद्यात ते फार थोड्या पैशांत होतं. सयाजीराव महाराजांनी जे लोकांसाठी बांधून ठेवलं, ते अजून लोकांच्याच वापरात आहे.

ऊन मात्र नाशिकसारखं समजू नकोस. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो आणि दुपारी डांबर मऊ होतं. सकाळी साडेसहाला बाहेर पडायचं आणि नऊपर्यंत घरी परतायचं. दुपारी घर, नाहीतर जाड भिंतींची एखादी इमारत. मग सहानंतर पुन्हा बाहेर. वेकेशनभर इथली घरं याच वेळा पाळतात.

सुरुवात कमाटीबागेपासून कर. कागदावर नाव सयाजीबाग, १८७९ साली महाराजांनी केलेली. पण रिक्षावाल्याला कमाटीबागच सांग. शंभर एकरांहून मोठी आहे आणि मधून विश्वामित्री वाहते. जुनी झाडं इतकी आहेत की सकाळी आठपर्यंत उन्हाचा त्रास होत नाही. आत प्राणिसंग्रहालय आहे, तारांगण आहे, पोरांची छोटी आगगाडी आहे. एका दिवसात सगळं दाखवायला जाऊ नकोस. एका सकाळी फक्त पक्षी, सुरू असेल तर एका संध्याकाळी फक्त गाडी, असं कर. त्या गाडीची जुनी कथा ओमला आवडेल. महाराजांच्या नातवंडांसाठी राजवाड्याच्या आवारात चिमुकले रूळ टाकले होते आणि ती मुलं त्यावरून शाळेत जात.

पुलावर थांबून खाली नदीत बघायला विसरू नका. विश्वामित्रीत मगरी आहेत, खऱ्याखुऱ्या, भर शहरात. उन्हाळ्यात पाणी आटतं, काठ उघडा पडतो आणि सकाळच्या वेळी एखादी चिखलावर पसरलेली दिसते. पहिल्यांदा ओंडकाच वाटतो. पोरं कंटाळून निघायला लागतात आणि तेवढ्यात तो ओंडका जबडा उघडतो. माझी लेक अजूनही शाळेच्या रिक्षातून जाताना मान बाहेर काढून नदीकडे बघते. फक्त पुलावरूनच बघायचं. कठड्याच्या पलीकडे, काठावर उतरायचं नाही, हे दोघांनाही पहिल्याच दिवशी बजावून ठेव.

बागेतलंच म्युझियम दुपारसाठी राखून ठेव. इमारत १८९४ ची, भिंती जाड, छत उंच. तिथे निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, सत्तर फुटांहून लांब. १९४४ साली हा मासा खंबातच्या आखातातून मही नदीच्या मुखात शिरला आणि परत जाऊ शकला नाही. ओमला शेपटीकडून चालायला लाव आणि पावलं मोजायला सांग. डोक्यापाशी पोचेपर्यंत तो आकडा विसरेल आणि पुन्हा पहिल्यापासून मोजेल. जबड्याची कमान एवढी मोठी आहे की मोठी माणसंही तिथे आपसूक हळू बोलायला लागतात. इजिप्तची ममीही आहे. पण ओम लहान आहे, ती पुढच्या खेपेला. ईराला मात्र अकोट्याच्या जैन कांस्यमूर्ती दाखव. आपल्या शेजारच्या अकोटा भागात जमिनीखाली सापडलेल्या, दीड हजार वर्षांपर्यंत मागे जाणाऱ्या मूर्ती आहेत. तुझं नवं घर तिथून लांब नाही.

आता ज्या ठिकाणासाठी मी तुला एवढं लांबलचक पत्र लिहितोय, त्याकडे येतो. जुन्या शहरातल्या मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी. मला वाटतं, ईराचा अर्धा उन्हाळा तिथे जाईल आणि जावा. १९१० साली महाराजांनी विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर वाचनालयांची घडी बसवली. जिथे वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या जात. १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं होतं. शिकलेल्या पोरांना वाचायला काहीतरी हवं, हा पुढचा विचार. या ग्रंथालयात पुस्तकांची कपाटं लोखंडी आहेत आणि मजल्यांची जमीन जाड काचेची. प्रकाश खालपर्यंत झिरपावा म्हणून तशी केली आहे. वर कोणी चाललं की खालून पावलांची सावली सरकताना दिसते. मराठी पुस्तकंही भरपूर आहेत. गुजराती वाचता येईपर्यंत ईराचं काही अडणार नाही आणि वर्गणी अगदी किरकोळ आहे. येताना ओळखपत्राच्या आणि पत्त्याच्या पुराव्याच्या झेरॉक्स बरोबर ठेव.

तिला एक गोष्ट तू स्वतः सांग. महाराज तुमच्याच जिल्ह्यातले. मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा शेतकऱ्याचा पोरगा, १८७५ साली दत्तक म्हणून या गावात आला तेव्हा बारा वर्षांचा होता. त्यालाही इथलं काही ठाऊक नव्हतं. लिहा-वाचायला त्यानंतर शिकला. गाव सोडताना मैत्रिणीसाठी रडणाऱ्या मुलीला हे कळायला हवं असं मला फार वाटतं.

लायब्ररीला गेलात की जुन्या शहरात थोडं पायी फिरा. लहेरीपुरा दरवाजा, मांडवी, न्यायमंदिर, मग सूरसागरच्या काठाकाठाने परत. ही फेरी संध्याकाळची. तलावात मधोमध महादेवाची प्रचंड मूर्ती आहे आणि दिवे लागल्यावर काठावर निम्मं बडोदं वाऱ्याला बसतं. जवळच तांबेकर वाडा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या दिवाणाचा लाकडी वाडा, वरच्या खोल्यांच्या भिंती चित्रांनी भरलेल्या: महाभारत, कृष्णलीला, मराठे आणि इंग्रजांची लढाई, शिवाय साधी घरगुती माणसं. अर्ध्या तासात बघून होतो. गायकवाडांच्या स्मारकातली, म्हणजे कीर्ती मंदिरातली, चित्रकार नंदलाल बोसांची भित्तिचित्रं मात्र ईरा थोडी मोठी झाल्यावर दाखव.

लक्ष्मीविलास राजवाडा आत्ता सोडून दे. बघण्यासारखा आहेच, पण चौघांचं तिकीट या महिन्यात खिशाला जड जाईल. दिवाळीत आई-बाबा आले की सगळे मिळून जाऊ. त्याच पैशांत वेकेशनभर गोळे आणि उसाचा रस होईल. मॉल आणि वॉटरपार्कची नावं पोरांच्या कानावर पडतीलच, तेव्हा एखाद्या वाढदिवसाला न्या.

ओमच्या अंगातल्या मस्तीला आमच्या घराजवळ जागा आहे. जुम्मादादा व्यायाम मंदिर, १८८० पासूनची तालीम, व्यायामगुरू माणिकरावांनी नावारूपाला आणलेली. आमच्या पिढीने तिथे मल्लखांबाला तेल लावलं, आता लेकी दोरीवर चढतात. पाच वर्षांच्या मुलाला घेतात का ते विचारून ठेवतो. पोहायला शिकवायचं असेल तर महानगरपालिकेचे तलाव आहेत, लालबागचा आणि सरदारबागेचा. उन्हाळ्याच्या बॅचेस लवकर भरतात, म्हणून आल्या आल्या फॉर्मची चौकशी कर.

रविवारी गावाबाहेर जावंसं वाटेल. प्रतापनगरला रेल्वेचं हेरिटेज पार्क आहे, नॅरोगेजची जुनी इंजिनं आणि सामान ठेवलेलं. १८६२ साली डभोई ते मियागाम ही छोटी गाडी बैल ओढायचे, हे ओमला सांगितलंस तर तो तुला दिवसभर प्रश्न विचारेल. पावागड-चांपानेर मे महिन्यात नको. दगड तापतात आणि पोरं अर्ध्यावर रडकुंडीला येतात. जागतिक वारशाच्या यादीत २००४ पासून असलेली जागा आहे, ती पावसाळ्यात हिरवी असताना निवांत बघू. सिंधरोटला महीच्या काठी डबा घेऊन लोक जातात, तुम्हीही जा, पण पाण्यात उतरू नका. वरून शांत दिसतं, खाली डोह आहेत. चाणोदला नर्मदेत नावेतून संगमावर जाता येतं, सकाळी फार सुंदर असतं. तिथे प्रत्येक पोराच्या अंगात लाइफ जॅकेट असल्याशिवाय नावेत पाय ठेवायचा नाही. जानेवारी २०२४ मध्ये हरणीच्या तलावात सहलीच्या शाळकरी मुलांची बोट उलटली, ते दिवस या गावाने सोसलेत. नावाडी घाई करेल, शेजारचे हसतील, तरी हट्ट सोडू नकोस.

खाण्याचं सांगायलाच नको. सकाळी कमाटीबागेतून परतताना ताडगोळे घ्या. शेवउसळ तिखट असते, ओमला नुसती शेव द्या. घरून पाण्याच्या बाटल्या आणि मीठ-साखर घातलेलं पन्हं रोज बरोबर असू दे.

एवढं सगळं वाचून रोज कुठेतरी गेलंच पाहिजे असं मनात आणू नका. आठवड्यात तीनदा बाहेर पडलात तरी पुष्कळ. त्याच बागेत, त्याच पुलावर पुन्हा पुन्हा गेलं की पोरं आपणहून वाटा शोधतात. माझी लेक ईराच्याच वयाची आहे. पहिला आठवडा दोघींना मी लायब्ररीत नेईन, पुढचं त्या बघतील.

टेम्पो कोणत्या दिवशी निघतो ते कळव. सामान उतरवायला मी आणि शेजारचे दोघे येऊ आणि त्या रात्री जेवायला सगळे आमच्याकडे. आईचा निरोप आहे की वहिनींनी बरोबर नाशिकची द्राक्षं आणू नयेत, उन्हात पोचेपर्यंत राहत नाहीत. मनुका आणल्या तर चालतील.

वहिनींना नमस्कार, ईरा-ओमला अनेक आशीर्वाद.

तुझा,
अविनाश