सर्व्हर चालूच होता की ओ!

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या पेपरात 'सर्व्हर डाऊन, लोक ताटकळले' अशी बातमी अधनंमधनं येतच असते, आणि त्या बातमीबद्दल माझी काही तक्रार नाही, लोक खरंच ताटकळतात, मी पण दाखल्यासाठी दोन-दोन खेटे घातलेत. माझं म्हणणं फक्त त्या दोन शब्दांबद्दल आहे. काउंटरवरचा माणूस 'सर्व्हर डाऊन' म्हणतो कारण त्याच्या स्क्रीनवर तसं आलेलं असतं, आणि स्क्रीनवर तसं का येतं तर आमच्यासारख्या कुणीतरी प्रोग्रामरनं तसं लिहून ठेवलेलं असतं. हे मी इतक्या खात्रीनं सांगतोय कारण एकदा ते मीच लिहून ठेवलो होतो. (मी लिहिलो, मी सांगितलो असंच येतं आमच्या सोलापूरकरांच्या तोंडात, पुण्याचे वाचक हसतील, हसू द्या.)

झालं असं की अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझ्या मामाचा टॉवेलचा कारखाना आहे आणि नव्या पेठेत छोटं दुकान. कारखान्यातल्या कॉम्प्युटरवर स्टॉक आणि ऑर्डरचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम मी पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत केला होता (हाच आमचा सर्व्हर), दुकानात ऑर्डर भरायचा दुसरा, तो जावास्क्रिप्ट नावाच्या वेगळ्या भाषेत, ती चालवणाऱ्या नोडवर. दुकानातल्यानं कारखान्यातल्याला सांगायचं, 'ऑर्डर नोंदव, गिऱ्हाईक अमुक, गाव तमुक, नग १५०', आणि तिकडून 'नोंदवली, नंबर हा घे' असं उत्तर आलं पाहिजे. एका मशीनवरच्या प्रोग्रामनं दुसऱ्या मशीनवरचं फंक्शन, म्हणजे एखादं ठरलेलं काम करणारा प्रोग्रामचा तुकडा, शेजारी बसल्यासारखं हाक मारून बोलवायचं, याला रिमोट प्रोसिजर कॉल म्हणतात, आरपीसी. कल्पना जुनी आहे, झेरॉक्सच्या पार्क लॅबमधल्या बिरेल आणि नेल्सन या दोघांचा यावरचा गाजलेला पेपर १९८४ चा, म्हणजे माझ्या जन्माच्या आधीचा.

शेजारी बसल्यासारखं म्हणलं तरी शेजारी कुणी नसतं, मधी तार असते आणि तारेतून नुसते बाइट जातात, म्हणजे ० ते २५५ मधले आकडे. तारेला नाव कळत नाही, तारीख कळत नाही, 'नग' तर अजिबात कळत नाही. म्हणून इकडं सगळं एका ठरलेल्या पद्धतीनं बाइटमध्ये बसवायचं, ते एन्कोडिंग, आणि तिकडं त्याच पद्धतीनं उलगडायचं, ते डिकोडिंग. मी घेतली होती एक्सएमएल-आरपीसी, १९९८ ची पद्धत, तिच्यात प्रत्येक माहितीच्या आधी आणि नंतर कंसात नाव लिहितात, त्याला टॅग म्हणतात, एक उघडणारा, एक बंद करणारा. लई जुनी झाली असं मला दोघं-तिघं म्हणले, पण मेसेज डोळ्यानं वाचता येतो आणि पायथॉनमध्ये ती आयती मिळते, वेगळं काही टाकावं लागत नाही. नोडच्या बाजूला मात्र मी शहाणपणा केला. तयार लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड) घ्यायची सोडून हातानं स्ट्रिंगला स्ट्रिंग, म्हणजे मजकुराला मजकूर, जोडत मेसेज तयार करत बसलो, म्हणलं त्यात काय एवढं.

पंधरा दिवस टेस्टिंग केलं. गिऱ्हाईक 'टेस्ट', गाव 'एबीसी', सगळं इंग्रजीत टाइप करून. झकास चाललं. मग पहिल्या खऱ्या दिवशी दुकानातल्या मुनीमजींनी गावाच्या रकान्यात मराठीत 'सोलापूर' टाइप केलं आणि स्क्रीनवर आलं, 'सर्व्हर बिझी आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा'. त्यांनी चहा घेतला, प्रयत्न केला. परत चहा, परत प्रयत्न. मामाला फोन केला, मामानं कारखान्यातला कॉम्प्युटर तीनदा बंद-चालू केला आणि मग नेटवाल्याला फोन लावून चार शब्द सुनावले, त्या बिचाऱ्याचा काडीचा संबंध नव्हता.

रात्री मी लॉग, म्हणजे प्रोग्रामची नोंदवही, बघितलो तर सर्व्हर सकाळपासून टकाटक चालू, आणि प्रत्येक वेळी उत्तर पण देत होता की 'तुमचा मेसेज अर्धवट आलाय, टॅग बंद झालेला नाही'. मी दुकानातल्या प्रोग्राममध्ये काय लिहून ठेवलेलं, तर कुठलीही एरर आली की 'सर्व्हर बिझी' दाखव. म्हणजे कारखाना ओरडून सांगतोय की पत्र फाटकं आलंय, आणि मी गिऱ्हाईकाला सांगतोय की तिकडं कुणी घरात नाही.

पत्र फाटकं का जात होतं, हे जरा नीट सांगतो. मेसेज पाठवताना आधी सांगावं लागतं की पुढं इतके बाइट येताहेत, तेवढेच मोजून समोरचा घेतो. मी तिथं स्ट्रिंगची लांबी टाकली होती. आता 'सोलापूर' मध्ये स, ओकार, ल, काना, प, दीर्घ ऊकार आणि र अशी सात चिन्हं, जावास्क्रिप्ट लांबी सात सांगते. पण यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे तारेवर जातात २१. इंग्रजीचं एक अक्षर एकच बाइट, म्हणून 'टेस्ट' आणि 'एबीसी'ला पंधरा दिवस काहीच झालं नाही. एका 'सोलापूर' मागं १४ बाइट कमी सांगितले गेले, आणि तेवढे शेपटाचे १४ बाइट दाराबाहेर राहिले. मेसेजच्या शेवटी 'मेथडकॉल' बंद करणारा टॅग कंस आणि रेघ धरून १३ बाइटचा, तो सगळा गेला, आणि त्याच्या आधीच्या 'पॅराम्स'च्या टॅगचा बंद करणारा कंस गेला. बोटावर मोजून बघितलं, बरोबर १४. गावाचं नाव शाबूत पोचलं होतं, कापलं गेलं ते त्याच्यानंतर लांब कुठंतरी, म्हणून तर बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. दुरुस्ती एका ओळीची, लांबी चिन्हांत मोजायची नाही, बाइटमध्ये मोजायची.

याच्याच भावकीतली एक गंमत तुमच्या घरातल्या बिलांवर पण दिसेल. काही ठिकाणी रकाना बाइटमध्ये मोजून कापतात. २० बाइटला कापलं की 'सोलापूर' मधली सहा चिन्हं पूर्ण येतात आणि 'र'चे तीनातले दोनच बाइट उरतात, मग छापून येतं 'सोलापू' आणि पुढं काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह. फॉन्ट खराब आहे म्हणून फॉन्टवाल्याला शिव्या.

मामाच्या कारखान्याशेजारी चादरीचे माग आहेत, तिथल्या जॉबर काकांना, म्हणजे माग जुळवून देणाऱ्या काकांना, हे सगळं मी सांगितलो तर ते हसायलाच लागले, म्हणले हे तर आमचं जेकार्ड आहे, नक्षी विणणारं मागावरचं यंत्र. आणि खरंच आहे की ओ! चादरीची नक्षी आधी ग्राफवर काढायची, मग चौकटी वाचत वाचत कार्डाला भोकं पाडायची, भोक असलं की हुक वर, नसलं की हुक खाली, बाण्याच्या एका धाग्याला एक कार्ड, आणि अशी शेकडो कार्डं दोऱ्यानं ओवून माळ मागावर चढवायची. ग्राफवरनं कार्डावर गेलं ते एन्कोडिंग, कार्डावरनं कापडावर उतरलं ते डिकोडिंग. फ्रान्समधल्या जाकारनं ही युक्ती १८०४ च्या सुमाराला काढली आणि सोलापूरची चादर अजून त्याच हिशेबानं विणली जाते, आता बऱ्याच ठिकाणी कार्डाच्या जागी इलेक्ट्रॉनिक आलं तरी भोक आहे का नाही हाच प्रश्न. काका म्हणले, मधलं एक कार्ड गळालं तर माग थांबत नाही, तो विणत राहतो, मोराची मान तुटल्यासारखी दिसते ती कापड खाली उतरल्यावर. आणि माळ उलटी ओवली तर नक्षी उलटी. आमच्याकडं पण उलटी माळ असते हो काका, म्हणलो. चार बाइटात १ लिहायचा तर काही मशीन मोठा (जास्त किमतीचा) बाइट आधी ठेवतात, काही धाकटा आधी. इकडनं एका पद्धतीनं पाठवला आणि तिकडं दुसऱ्या पद्धतीनं वाचला तर १ चे १,६७,७७,२१६ होतात. टॉवेलची ऑर्डर असती तर मामाचं कल्याण झालं असतं. म्हणून सन नावाच्या कंपनीच्या जुन्या आरपीसीमध्ये, एक्सडीआर म्हणतात त्या पद्धतीला, ठरवूनच टाकलं होतं की मशीन कुठलंही असो, तारेवर मोठा बाइट आधी आणि सगळं चार-चार बाइटच्या पटीत, कमी पडलं तर शून्यानं भरा.

'सोलापूर' सुटल्यावर बाकीचे खड्डे एकामागोमाग एक लागत गेले. मोबाइल नंबर मी आकडा म्हणून पाठवत होतो, आणि एक्सएमएल-आरपीसीचा इंटिजर, म्हणजे पूर्णांक, चार बाइटचा, जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७. आपले सगळे मोबाइल नंबर सहा ते नऊनं सुरू होणारे दहा आकडी, एक पण त्यात बसत नाही. पिनकोड ४१३००१ आरामात बसतो म्हणून माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मोबाइल नंबर हा आकडा नाहीच मुळात, त्याची काय बेरीज करायची आहे का, तो अक्षरं म्हणूनच पाठवावा. मग एका फर्मच्या नावात '&' होतं, एक्सएमएलमध्ये त्या चिन्हाला वेगळा अर्थ, तसंच टाकलं की मेसेज मोडतो. 'आणि सन्स' लिहिलं असतं तर वाचलो असतो. मग तारीख. या पद्धतीच्या तारखेत टाइमझोनच नाही, कुठली वेळ धरायची हे दोघांनी आपापसात ठरवायचं असतं. दुकानाचा प्रोग्राम यूटीसी, म्हणजे जगाची प्रमाण वेळ, पाठवत होता आणि कारखान्याचा ती इथलीच वेळ समजत होता, साडेपाच तासांचा फरक. दिवसा कुणाला कळलं नाही, पण मामा पहाटे पाचला बसून राहिलेल्या ऑर्डरी भरायचा आणि त्या सगळ्या आदल्या दिवशी रात्री साडेअकराच्या म्हणून चढायच्या. जीएसटीच्या महिन्याच्या एक तारखेला त्यावरनं काय तमाशा झाला ते लिहीत नाही.

कुणी म्हणेल नवीन पद्धत वापर, तर नव्याचे पण आपले नखरे आहेत. जेसन ही मजकुरात माहिती लिहायची नवी पद्धत, तिच्यात आकड्याला किती मोठा ते बंधन नाही, पण जावास्क्रिप्ट ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढं एक-एक नीट मोजू शकत नाही, शेवटी ९९३ असलेला नंबर तिथं गुपचूप ९९२ होतो, एरर नाही, काही नाही. गुगलनं २००८ मध्ये खुलं केलेलं प्रोटोबफ ही एन्कोडिंगची पद्धत, गुगलच्याच जीआरपीसी या आरपीसीमध्ये सहसा तेच असतं, ते तर नावंच पाठवत नाही, नुसते रकान्याचे नंबर, म्हणून छोटं आणि फास्ट. पण तीन नंबरला पत्ता होता तो काढून कुणी तिथं जीएसटी नंबर बसवला आणि समोरचा प्रोग्राम जुनाच राहिला, तर दोन्ही अक्षरंच असल्यामुळं डिकोडिंग बिनबोभाट होतं आणि पार्सलवर पत्त्याच्या जागी जीएसटी नंबर छापून येतो. जुना नंबर परत वापरायचा नाही, राखीव म्हणून ठेवायचा, एवढा साधा नियम आहे.

आता माझा मुद्दा. जेसनमधून आरपीसी करायच्या पद्धतीच्या, म्हणजे जेसन-आरपीसीच्या, २०१० च्या नियमांत एररचे नंबर वेगवेगळे दिलेत, मेसेजच वाचता आला नाही तर उणे ३२७००, असं फंक्शन नाही तर उणे ३२६०१, पाठवलेली माहिती चुकीची तर उणे ३२६०२, आणि सर्व्हरच्या पोटात गडबड झाली तर उणे ३२६०३. म्हणजे चूक पाठवणाऱ्याची का घेणाऱ्याची हे पद्धतीलाच कळतं, सांगायची सोय करून ठेवलेली आहे. आणि आम्ही त्या सगळ्यावर एकच बोर्ड लावतो, सर्व्हर डाऊन. गिऱ्हाईकाला वाटतं थांबलं की होईल. अहो, मेसेजच मोडका असेल तर संध्याकाळपर्यंत थांबा नाहीतर गड्ड्याच्या जत्रेपर्यंत थांबा, तो परत तसाच मोडका जाणार. सर्व्हर खरंच बंद असेल तर थांबा म्हणा, आणि नाव वाचता आलं नाही तर नाव वाचता आलं नाही म्हणा, काउंटरवरचा माणूस निदान तेच इंग्रजीत टाकून बघेल आणि म्हाताऱ्या बाईला घरी पाठवणार नाही.

कॉलेजबद्दल पण थोडं बोलतो, राग मानू नका. माझ्याकडं इंटर्नशिपला पोरं येतात, हुशार असतात, आरपीसीची व्याख्या पाच मार्काची घडाघडा म्हणतात, मार्शलिंग, स्टब, सगळं. पण 'सोलापूर' चे बाइट किती विचारलं की सात म्हणतात. एकानं चार म्हणलं, त्यानं अक्षरं मोजली होती, सो, ला, पू, र, तसं बघितलं तर मराठी माणूस म्हणून तोच बरोबर होता. एकदा प्रॅक्टिकलला कागदावर हातानं एक मेसेज बाइट-बाइट लिहायला लावा आणि शेजारच्या पोराकडनं उलगडून घ्या. दुपार पुरते.

आणि सोलापुरात बसून सॉफ्टवेअर करणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे की टेस्टिंगला 'टेस्ट' आणि 'एबीसी' टाकणं बंद करा. आपल्या गावात पूर्व भागात गेलं तर तेलुगू, अक्कलकोटकडं गेलं तर कन्नड, घरी मराठी, आणि तिन्ही लिप्यांचं चिन्ह तीनच बाइटचं, एकाची सोय झाली की तिघांची झाली. 'ज्योत्स्ना' टाका, नावात '&' असलेली फर्म टाका, पहाटे पाचची वेळ टाका, मोबाइल नंबर टाका.

तुम्हाला एवढंच म्हणणं आहे की पुढच्या वेळी तुमचे बातमीदार असल्या रांगेत गेले तर साहेबांना नुसतं सर्व्हर कधी चालू होणार असं विचारू नका, स्क्रीनवर एररचा नंबर काय आला तेवढा विचारून छापा. दुकानात आता काय येतं ते पण सांगतो, 'गावाचे नाव पोहोचले नाही, भाच्याला फोन करा' असं मामानं माझ्याकडनं लिहून घेतलंय, आणि खाली माझा नंबर, अक्षरं म्हणून.

आपला,
एक प्रोग्रामर वाचक,
सोलापूर