स्पीडचा आकडा छापण्याआधी गाडी उभी असतानाची फ्रेम बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात घाटातल्या एका गाडीच्या व्हिडीओची बातमी आली होती. सोबत त्या व्हिडीओतलाच फोटो, कोपऱ्यात स्पीडचा गोल काटा, त्यात ११८, आणि खाली सरळ लिहिलेलं की वळणावर गाडी ११८ च्या स्पीडने होती. गाडी जोरात असेलही, आणि पब्लिक रोडवर असले उद्योग करणाऱ्याची बाजू मी अजिबात घेत नाहीये, घाटात समोरून भाजीचा टेम्पो येतो, दूधवाला येतो, त्यांचा काय गुन्हा. पण तो ११८ त्याच फ्रेमचा, म्हणजे व्हिडीओतल्या त्याच क्षणाच्या चित्राचा आहे का, हे कोणी तपासलं का? मी हे का विचारतोय ते जरा सविस्तर सांगतो, कारण अशाच एका आकड्याने आमच्या घरात दोन महिने शांतता नव्हती.

मी अंबड एमआयडीसीत टूलरूमला आहे, १९ वर्षं झाली. आमच्याकडे सकाळी मायक्रोमीटर हातात घेतला की आधी झिरो बघायचा, मग माप घ्यायचं. कॅलिब्रेशनची, म्हणजे अचूकता तपासून घेण्याची तारीख उलटलेलं मोजमापाचं गेज लाइनवर दिसलं तर सुपरवायझर तिथेच उचलून बाजूला ठेवतो, मग काम थांबलं तरी चालेल. माझा मुलगा दोन वर्षांपासून ऑटोक्रॉस करतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मुरमाच्या मोकळ्या मैदानावर कोन लावून ट्रॅक आखतात, एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळाशी शर्यत असते. नाशिकला रॅलीचं वेड जुनं आहे, माझ्या लहानपणी पण आम्ही सायकली काढून रॅलीच्या गाड्या बघायला जायचो आणि धुळीने माखून घरी यायचो, त्यामुळे पोराने हे करायचं म्हटल्यावर मी नाही म्हणू शकलो नाही. त्याची आई अजूनही मैदानावर येत नाही, तिला बघवत नाही.

तर गाडीत एक ॲक्शन कॅमेरा लावला, काचेला सक्शन कपने, आणि डॅशबोर्डवर एक छोटा जीपीएस रिसीव्हर, जो सेकंदाला १० वेळा नोंद घेतो आणि फोनमधल्या ॲपला ब्लूटूथने पाठवतो. घरी आल्यावर लॅपटॉपवर सॉफ्टवेअरमध्ये व्हिडीओ आणि डेटा एकत्र करायचा, मग व्हिडीओवर स्पीड दिसतो, ट्रॅकचा नकाशा दिसतो, ब्रेकला गाडी किती दाबली गेली ते दिसतं. याला टेलिमेट्री म्हणतात. मोठ्या रेसिंगमध्ये हे सगळं गाडीतच बसवलेलं असतं, आपल्यासारख्यांना हा घरगुती मार्ग.

पहिला व्हिडीओ तयार झाला तो मुलाने त्याला शिकवणाऱ्या सरांना दाखवला. सरांनी स्पीडचा आलेख बघितला आणि म्हणाले, तू प्रत्येक वळणाच्या खूप आधी ब्रेक मारतोस, तू घाबरतोस. झालं. पोरगा गप्प झाला. पुढच्या इव्हेंटला त्याने ठरवून ब्रेक उशिरा मारला, एकदा कोन उडवले, दुसऱ्यांदा गाडी सरळ घसरत जाऊन गवताच्या गाठींना धडकली, बंपर गेला, रेडिएटर गेला. लागलं नाही त्याला, देवाची कृपा. पण घरी आल्यावर जेवला नाही आणि मला म्हणाला, पप्पा, मला जमत नाही बहुतेक.

मला ते पटत नव्हतं, कारण मी त्याला बाहेरून बघितलं होतं, पोरगा घाबरणारा नाही. म्हणून एका रविवारी तो व्हिडीओ घेऊन बसलो आणि एकेक फ्रेम पुढे करत गेलो. पहिल्या रनची, म्हणजे ट्रॅकवरच्या पहिल्या फेरीची सुरुवात. समोर गाडी सोडणारा मार्शल उभा, हात वर, बोटं पाच, चार, तीन. गाडी जागेवर. समोरचा चुन्याचा पट्टा बॉनेटच्या कडेला जिथे होता तिथेच, एक रेषभर हललेला नाही. शेवटचं बोट मिटलं, हात खाली आला, इंजिनचा आवाज चढला, आणि ज्या फ्रेमला चुन्याचा पट्टा बॉनेटखाली सरकायला लागला त्या फ्रेमला कोपऱ्यात स्पीड दिसत होता १८. उभ्या गाडीचा स्पीड १८! मी तीनदा मागे पुढे केलं. डेटा चित्राच्या पुढे पळत होता, मोजलं तर साधारण दीड सेकंद. आता ताशी ६० ने गाडी दीड सेकंदात २५ मीटर जाते. म्हणजे मुलगा ब्रेक बरोबर जागेवर मारत होता, पण व्हिडीओत तो २५ मीटर आधी मारलेला दिसत होता. आमच्याकडे एवढ्या चुकीचं गेज असतं तर अख्खा लॉट रिजेक्ट झाला असता.

पण गोष्ट इथेच संपली नाही. मी मुलाला बोलावून दाखवायला गेलो तर त्याने आधी शेवटची रन लावली, आणि तिथे फरक जेमतेम अर्धा सेकंद. तो म्हणाला, बघा, जवळपास जुळतंय, तुम्हाला उगाच वाटतंय. मग दोघंही चक्रावलो. फरक असेल तर सगळीकडे सारखा पाहिजे ना.

कारण सापडायला तीन रात्री गेल्या आणि कारणं निघाली दोन. एक म्हणजे कॅमेऱ्याचं घड्याळ दीड सेकंद पुढे होतं, कारण ते आपण हाताने लावलेलं, आणि सॉफ्टवेअरमध्ये जुळवणी आम्ही त्या घड्याळाच्या वेळेवरच केली होती, फोनच्या ॲपमधली वेळ मात्र सॅटेलाइटवरून आलेली, ती बरोबर. दुसरं म्हणजे कॅमेरा ज्याला सेकंदाला ३० फ्रेम म्हणतो ते खरं तर २९.९७ असतात. आमच्या ओळखीच्या एकाने फाईल जोडून देताना ती पूर्ण ३० वर बसवून दिली होती. हा फरक फक्त हजारात एक. कोणाच्या लक्षात येणार? पण १७ मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये त्याचा साधारण एक सेकंद होतो. आमच्या केसमध्ये दोन्ही चुका एकमेकींच्या उलट्या दिशेने होत्या, म्हणून सुरुवातीला दीड सेकंद आणि शेवटी अर्धा. माझं म्हणणं सगळ्यांना एवढंच आहे की एका ठिकाणी जुळलं म्हणून जुळलं समजू नका. गाडी पहिल्यांदा हलते ती फ्रेम आणि शेवटी पूर्ण थांबते ती फ्रेम, दोन्ही टोकं डेटातल्या शून्याशी लावून बघा. पहिल्या टोकाचा फरक घड्याळाचा, दोन टोकांमधला फरक फ्रेम रेटचा. आणि यापेक्षा सोपं म्हणजे रेकॉर्डिंग चालू केलं की पहिले दहा सेकंद कॅमेऱ्यासमोर फोन धरा, ॲपमधली सेकंदासकट वेळ दिसू द्या, मग घरी भांडण नाही.

आता इतकं खोलात गेल्यावर मैदानावर बाकीची मुलं पण माझ्याकडे लॅपटॉप घेऊन यायला लागली, त्यांच्या अडचणी बघून काही गोष्टी लक्षात आल्या त्या पण लिहितो. डेटा फाईल टाकली की सॉफ्टवेअर म्हणतं या व्हिडीओच्या वेळेत डेटाच नाही, तेव्हा बहुतेक वेळा साडेपाच तासांचा घोळ असतो, जीपीएसच्या फाईलमध्ये वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते आणि कॅमेऱ्यात आपली. व्हिडीओ काळा आणि फक्त आवाज येतो, तेव्हा फाईल खराब झालेली नसते, लॅपटॉपवर एचईव्हीसीचा कोडेक, म्हणजे त्या प्रकारचा व्हिडीओ उलगडून दाखवणारं सॉफ्टवेअर नसतं. घाबरून कार्ड फॉरमॅट करू नका, एकाने केलं, बिचाऱ्याचा अख्खा सीझन गेला. मोठं रेकॉर्डिंग कॅमेरा तुकड्यांत सेव्ह करतो आणि गोप्रो कंपनीच्या कॅमेऱ्यात फाईलच्या नावात तुकड्याचा नंबर आधी येतो आणि क्लिपचा नंतर, म्हणजे जीएक्स०१००४५ चा पुढचा भाग जीएक्स०२००४५ असतो. फोल्डर नावाप्रमाणे लावला की सगळ्या क्लिपचे पहिले भाग एकत्र आणि दुसरे भाग एकत्र जातात, मग घाईत जोडलं की सकाळच्या रनला दुपारची शेपूट लागते. शेवटचे चार अंक बघून जोडा.

कॅमेरा विकत घेणाऱ्यांनी एक बघा. गोप्रोत जीपीएस हिरो ५ पासून, म्हणजे २०१६ पासून होतं, २०२३ च्या हिरो १२ मध्ये ते काढलं आणि २०२४ च्या हिरो १३ मध्ये परत आलं. त्यामुळे नवा आहे म्हणजे असेलच असं धरू नका. ज्यात आहे त्यात जीपीएस आणि झटक्यांचा डेटा व्हिडीओच्याच फाईलमध्ये एका वेगळ्या ट्रॅकवर भरलेला असतो, म्हणून जुळवणीचा त्रास कमी. पण तीच फाईल व्हॉट्सॲपवर पाठवली किंवा साध्या एडिटरमधून कापून परत सेव्ह केली की तो ट्रॅक गळून पडतो, चित्र राहतं, डेटा जातो. आणि मग मुलं मला ती व्हॉट्सॲपची क्लिप देऊन म्हणतात, काका, यावर स्पीड टाका ना. कुठून टाकू? मूळ फाईल कार्डवरून थेट कॉपी केलेली पाहिजे.

फक्त फोनच्या जीपीएसवर काम चालवणाऱ्यांनी तर फार जपून बोलावं. फोन साधारण सेकंदाला एकच नोंद देतो आणि ताशी ७२ ला गाडी एका सेकंदात २० मीटर जाते. दोन नोंदींच्या मधे सॉफ्टवेअर सरळ रेघ मारतं. ऑटोक्रॉसला २० मीटरमध्ये अख्खं वळण संपतं, म्हणजे वळणातला सगळ्यात कमी स्पीड त्या रेघेखाली गाडला जातो. आणि पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करतात तिथे, पत्र्याच्या शेडखाली ॲप चालू करून तसंच स्टार्टला जाऊ नका, मोकळ्या आकाशाखाली दोन-तीन मिनिटं थांबा, सॅटेलाइटचा लॉक पक्का होऊ द्या.

आता परत त्या घाटातल्या ११८ कडे येतो. घाटात एका बाजूला कडा, अर्धं आकाश झाकलेलं, सिग्नल खडकावर आपटून येतो, तिथे जीपीएस मोकळ्या मैदानासारखं चालत नाही. त्यात भर म्हणजे एककाचा घोळ. डेटा किलोमीटरमध्ये असतो, सॉफ्टवेअरला तो मैलात आहे असं सांगितलं जातं आणि ते त्याचे परत किलोमीटर करतं, ताशी ७३ चे सरळ ११७ होतात. मी हे स्वतःच्या लॅपटॉपवर करून बघितलंय, एका ड्रॉपडाउनचा प्रश्न आहे. आणि शेवटी, काही पोरं लाइक मिळावेत म्हणून मुद्दाम आकडा वाढवून टाकतात, सॉफ्टवेअर कोणालाही अडवत नाही. घाटातल्या त्या मुलाने खरंच ११८ ने चालवली असेल तर त्याच्यावर कारवाई झालीच पाहिजे, पण आधी मूळ फाईल बघून, इकडून तिकडे फिरलेल्या क्लिपवरून नको.

आमच्या सरांना मी ती फ्रेम दाखवली. चुन्याचा पट्टा आणि शेजारी १८. त्यांनी दोनदा बघितलं, काही बोलले नाहीत, चहा तसाच ठेवून बाहेर गेले आणि मुलाला फोन केला. काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण त्या रात्री मुलगा गॅरेजमध्ये रेडिएटर बसवत होता आणि शिट्टी वाजवत होता.

आपल्याला विनंती अशी की यापुढे असा व्हिडीओ आला तर पाठवणाऱ्याकडून कार्डवरची मूळ, न कापलेली फाईल मागा आणि गाडी उभी असतानाचा भाग बघा, तिथे शून्य दिसत नसेल तर आकडा छापू नका. आणि नाशिकमध्ये इव्हेंट घेणाऱ्या क्लबवाल्यांना विनंती, अधिकृत टायमिंग तुमचं बीमवर, म्हणजे रेषेवरच्या प्रकाशाच्या सेन्सरवर असतं ते ठीकच आहे, पण प्रोटेस्टला, म्हणजे निकालावर तक्रार करायला कोणी असा व्हिडीओ घेऊन आलं तर हीच तपासणी टेबलावर, दोन्ही ड्रायव्हरसमोर करा. दहा मिनिटं लागतात. कोणाला करून दाखवायची असेल तर सुट्टीच्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन यायला तयार आहे.

आपला,
एक वाचक
सिडको, नाशिक