थंडी पडली म्हणजे आंबा आला, असं नाही

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'थंडीमुळे यंदा हापूस भरपूर' असा लेख आलाय, तो वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. थंडी हवीच, रात्रीचा पारा उतरल्याशिवाय हापूस मोहोरत नाही हे खरंय, पण ती कधी पडते यालाही काही अर्थ आहे की नाही?

आमच्या खळ्याच्या कडेला जुनं कलम आहे. डिसेंबरात मोहोरलं, जानेवारीत वाटाण्याएवढी फळं धरली, मग मध्येच चार दिवस ढग आणि उकाडा, आणि लगेच परत कडाक्याची थंडी. आता त्याच फांदीवर नवा मोहोर फुटलाय आणि खालची कणी, म्हणजे ती आधी धरलेली बारीक फळं, पिवळी पडून गळतेय, सकाळी झाडलोट करताना केरसुणीखाली चुरचुर वाजते. यालाच पुनर्मोहोर म्हणतात. झाड ताकद नव्या मोहोराला देतं, आधीचं फळ उपाशी. दापोलीचं कृषी विद्यापीठ यावर जिबरेलिक आम्लाची (हे झाडाच्या वाढीवर परिणाम करणारं संजीवक) फवारणी सांगतं, पण ती वेळेत व्हायला लागते, आणि ढगाळ हवेत तुडतुडा, म्हणजे मोहोराचा रस शोषणारी कीड, वाढतो त्याची फवारणी वेगळीच, म्हणजे खर्चावर खर्च.



लांबून मोहोर बघून 'भरपूर' छापलं की मुंबईचं गिऱ्हाईक आत्तापासूनच स्वस्त पेटीची वाट बघत बसतं. पुढच्या वेळी बातमीदाराला मोहोराबरोबर झाडाखालची गळही बघायला सांगा.

– एक बागायतदार, ता. देवगड