कव्हरवरचं नाव

बाळा,

काल फोनवर तू सहज म्हटल्यासारखं सांगितलंस की पप्पा गाणं आलं पण माझं नाव नाही कुठं, पण तुझा आवाज पडलेला मला कळला. फोन ठेवला आणि प्रेसमध्येच हेडफोन लावून ते गाणं चार वेळा ऐकलं, मशीन बंद करून. दुसऱ्या कडव्यात गायिका श्वास घ्यायला थांबते आणि तू बेस गिटारवर हळूच खाली उतरतीस ना, तिथं अंगावर काटा आला बघ. आणि नावं बघितली तर गायिका, संगीतकार, गीतकार, कंपनी, संपलं.

दिवाळीत तू मला त्या अमेरिकेतल्या बेसवाल्या जेम्स जेमरसनचं ऐकवलंवतंस, तेव्हापासून त्याच्याबद्दल मिळंल ते वाचालोय. डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचं ते घर, त्यातल्या स्टुडिओला वादक लोक स्नेकपिट म्हणायचे, तिथं साठच्या दशकात हा माणूस दुसऱ्यांच्या गाण्यांवर वाजवत राहिला. उजव्या हाताचं एकच बोट तारेवर चालायचं, त्या बोटाला हुक म्हणायचे. १९६२ चा फेंडर प्रिसिजन बेस, जाड तारा, त्या तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत, आणि तारा टेकतात त्या ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, म्हणून तर तो आवाज तसा दबका आणि गोल येतोय. १९६४ चं माय गर्ल हे गाणं सुरू होताना आधी त्याचाच बेस येतोय, गिटार मागनं. आख्ख्या जगानं ते गुणगुणलं आणि कव्हरवर या माणसाचं नाव नाही, कारण मोटाउन तेव्हा वादकांची नावं छापतच नव्हतं. १९७१ ला मार्विन गेच्या व्हॉट्स गोइंग ऑन या अल्बमवर आलं एकदाचं, तेपण नुसतं नाव नाही, अतुलनीय जेम्स जेमरसन असं. १९८३ ला गेला तो, ४७ वर्षांचा. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं २००० साली.

मी छापणारा माणूस, म्हणून मला हे जास्त लागलं. तू लहान होतीस तेव्हा आपल्याकडं कॅसेटची कार्डं छापायला यायची, जोतिबाची गाणी, अंबाबाईची गाणी, जत्रेच्या आधी तर रात्र रात्र मशीन चालायचं. पार्टी यायची, गायकाचा फोटो मोठा करा म्हणायची, मग मी ट्रेसिंगवर मजकूर लावताना खालची ओळ काढून टाकायचो. ती ओळ म्हणजे ढोलकी, संबळ, हलगी. एकदा त्यातले हलगीवाले काका स्वतः प्रेसवर आले, ताजं कार्ड हातात घेतलं, शाई अजून ओली होती म्हणून कडेनं धरलं, उलटं करून बघितलं, परत सुलटं केलं आणि टेबलावर ठेवलं. काय बोलले नाहीत. चहा घेतला आणि गेले. कार्डाच्या मागच्या बाजूला बोटभर जागा मोकळी होती गं, मीच तिथं वेलबुट्टी टाकलीवती.

म्हणून सांगतो, गप बसू नको. भांडायचं नाही, पण विचारायचं. पुढच्या वेळी पैसे किती हे बोलतानाच नाव कुठं आणि कसं येणार हे पण बोलून घे, आणि मेसेजवर स्पेलिंगसकट पाठव, तोंडी सांगितलेलं कोण लक्षात ठेवत नाही. या गाण्याचं पण अजून होतंय, ॲपवरची नावं नंतर बदलता येतात म्हणं, त्यांच्या माणसाला उद्याच फोन कर. आणि एक वही घाल, तारीख, स्टुडिओ, गाणं, काय वाजवलंस, सगळं लिही. वही मी बांधून पाठवालोय, दोनशे पानी, कापडी पुठ्ठा.

त्याच पार्सलमध्ये ते जुनं कार्ड पण आहे, परवा कपाटात एकच सापडलं. मागं वेलबुट्टीच्या वर पेननं काकांचं नाव लिहिलंय, ते जपून ठेव. चटणीचा डबा वेगळा आहे, आईनं बांधलाय, तेल गळलं तर वही आधी बाहेर काढ.

पप्पा