पाळीव साप हातात किती वेळा घ्यावा: बाबांना पत्र

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपण विचारलेला प्रश्न फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. साप पाळायचाच तर त्याला रोज हातात घेतले पाहिजे, नाही तर तो माणसाची सवय विसरून पुन्हा रानटी होईल, असे आपले मत आहे. त्या मुक्या जिवाला कधी हातच लावू नये, असे आईचे म्हणणे आहे. मी आईच्या बाजूला अधिक झुकलो आहे. पूर्ण वाढलेल्या, निरोगी आणि नियमित खाणाऱ्या सापाला आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, दर वेळी दहा-पंधरा मिनिटे हातात घेणे पुरेसे असते, आणि ज्या आठवड्यात त्याची अवस्था तशी नसेल त्या आठवड्यात एकदाही घेऊ नये. मध्ये दोन-तीन आठवडे खंड पडला म्हणून शांत स्वभावाचा साप चावरा होत नाही, ही चिंता आपण मनातून काढून टाकावी.

माझ्याकडे आहे तो बॉल पायथन, म्हणजे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला लहान जातीचा अजगर. हा प्राणी दिवसाचा बहुतेक वेळ उंदरांच्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात दडून काढतो आणि भ्याला की डोके आत घेऊन अंगाचा घट्ट चेंडू करतो. अशा प्राण्याला वरून एक मोठा, उष्ण हात येऊन उचलतो तेव्हा ते त्याला शिकारी पक्ष्याच्या झडपेपेक्षा वेगळे वाटण्याचे कारण नाही. वारंवार, पण बेताने आणि शांतपणे हाताळल्यावर या उचलण्यातून इजा होत नाही एवढे त्याच्या अंगवळणी पडते आणि त्याची घबराट कमी होते. यालाच आपण माणसाळणे म्हणतो. कुत्र्याला जशी स्पर्शाची ओढ असते तशी सापाला नसते. हातात घेण्याची हौस आपली असते, आणि हे मनाशी स्पष्ट असले की ती हौस आवरणे सोपे जाते.

आता वेळापत्रकाविषयी, कारण खरा प्रश्न तोच आहे. आठवड्यातून किती वेळा, याचा हिशेब नेहमी शेवटच्या जेवणाच्या तारखेपासून सुरू करावा लागतो. सापाला अन्न पचवण्यासाठी बाहेरची उष्णता लागते. म्हणून बॉल पायथनच्या पेटीत एका टोकाला सुमारे ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २४ ते २७ अंश तापमान राखतात, आणि उंदीर गिळल्यावर तो आपणहून उबदार टोकाला जाऊन पडतो. त्या वेळी त्याला उचलून गार खोलीत आणले, पोटावर दाब पडला किंवा तो घाबरला, तर तो अर्धवट पचलेले भक्ष्य ओकून टाकतो. ही साधी उलटी नसते. त्याबरोबर जठरातले आम्ल वर येऊन अन्ननलिकेला इजा करते. मग त्याला दहा दिवस ते दोन आठवडे उपाशी ठेवून पुढचे भक्ष्य मुद्दाम लहान द्यावे लागते, आणि पुन्हा तसेच घडले तर पशुवैद्याकडे न्यावे लागते. म्हणून जेवणानंतर निदान ४८ तास, आणि भक्ष्य मोठे असेल तर पोटाचा फुगवटा ओसरेपर्यंत तीन-चार दिवस, त्याला अजिबात हात लावायचा नाही. वाढत्या वयाचे पिल्लू साधारण आठवड्याला एकदा खाते, त्यामुळे त्याच्या बाबतीत हाताळण्याजोगे दिवस मुळातच थोडे उरतात आणि पाच मिनिटे पुरतात. मोठा बॉल पायथन दोन-तीन आठवड्यांनी खातो, त्यामुळे तिथे मोकळीक अधिक असते. कॉर्न स्नेक ही आग्नेय अमेरिकेतली सडपातळ जात. तिला साधारणपणे हाताळणे अधिक सोसते असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे, पण जेवणानंतरचा नियम तिलाही तोच.

दुसरा बंदीचा काळ कात टाकण्याचा. त्या सुमारास कातडीचा रंग मळकट होतो आणि डोळे दुधाळ निळसर दिसू लागतात. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि जुन्या व नव्या थरांमध्ये द्रव साचल्याने त्याला नीट दिसेनासे होते. न दिसणारा साप साहजिकच बिथरतो. पुढे कात निघण्याच्या काही दिवस आधी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि पुष्कळ लोक तिथेच फसतात. अखंड कात पेटीत पडलेली दिसेपर्यंत थांबणे हेच योग्य. नवीन आणलेल्या सापालाही पहिले एक-दोन आठवडे पाणी बदलणे आणि सफाई यापलीकडे त्रास देऊ नये, आणि तो लागोपाठ दोन-तीन वेळा नीट जेवल्याशिवाय हातात घेण्याचा विचारही करू नये. आजारी किंवा गाभण सापाला उपचारापुरताच हात लावावा.

उचलण्याची पद्धत चुकली तर आठवड्यातला एक वेळही जास्त ठरतो. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात; हाताला उंदराचा वास असेल तर उबदार बोटे त्याला भक्ष्यच वाटतील, म्हणून आधी हात धुवावेत. मग हुकाने, म्हणजे साप हाताळण्याच्या आकडीदार काठीने, किंवा कागदाच्या गुंडाळीने अंगाच्या मध्यभागी हलकेच स्पर्श करावा, म्हणजे आता जेवण येणार नाही हे त्याला सवयीने कळते. हात वरून न आणता बाजूने न्यावा, अंगाला दोन ठिकाणी आधार द्यावा, डोके किंवा मान पकडू नये आणि शेपटीने उचलू नये. सापाला श्वासपटल नसते, तो बरगड्यांच्या स्नायूंनी श्वास घेतो. त्यामुळे मुठीत आवळून धरल्यास त्याचा श्वासच अडतो. पडला तरी इजा होऊ नये म्हणून मी खाली बसूनच त्याला घेतो. नंतर साबणाने हात धुणेही तितकेच आवश्यक आहे, कारण वरकरणी निरोगी सापाच्या अंगावरही जुलाब-तापाचा आजार करणारे साल्मोनेला जिवाणू असू शकतात. म्हणूनच पाच वर्षांखालील मुलांच्या हाती साप देऊ नये.

बाबा, सर्वांत कठीण भाग मला त्याचे मन ओळखण्याचा वाटतो. मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे घेणे, फूत्कार, शेपटी थरथरवणे, घाण वासाचा स्राव सोडणे ही लक्षणे कोणालाही कळतात. परंतु हातात निश्चल पडून राहिलेला साप पाहून लोक तो किती शांत आहे असे म्हणतात, तेव्हा तो भीतीने थिजलेला असण्याचीही शक्यता असते. अंग सैल असेल, तो संथपणे एका हातावरून दुसऱ्या हातावर सरकत असेल आणि सावकाश जीभ बाहेर काढून वास घेत असेल, तर त्याला त्रास नाही असे समजावे. अंग ताठ झाले, हालचाल झटक्याची झाली किंवा तो डोके लपवू लागला, तर घड्याळात तीनच मिनिटे झाली असली तरी हळूच परत ठेवावे. काही त्रास उशिरा दिसतो: तो जेवण नाकारतो, रात्रभर पेटीत फेऱ्या घालतो, काचेवर नाक घासत राहतो. तापमान अयोग्य असणे किंवा लपण्याची जागा अपुरी असणे हीदेखील त्याची कारणे असतात, म्हणून ती आधी तपासावीत. शिवाय विणीच्या हंगामात बॉल पायथन कित्येक आठवडे, कधी काही महिनेही आपणहून उपास करतो, तेव्हा वजनावर लक्ष ठेवणे महत्त्वाचे. तरीही कारण कोणतेही असो, त्याने जेवण नाकारले की तो पुन्हा खाऊ लागेपर्यंत मी हाताळणे पूर्ण थांबवतो. त्यात गमावण्यासारखे काहीच नसते.

यासाठी पेटीजवळ एक वही ठेवली आहे. तिच्यात जेवण, कात, वजन आणि हातात घेतल्याची तारीख लिहितो, आणि उचलावे की नाही हे माझ्या इच्छेवर न सोडता वहीवर सोडतो. पुढच्या व्हिडिओ कॉलवर साप माझ्या हातात पाहायचा आहे असे आपण लिहिले आहे. आता त्याची कात जवळ आली आहे, त्यामुळे या खेपेस केवळ पेटी दाखवीन. कात पडली आणि त्यानंतरचे जेवण पचले की मी स्वतः फोन करून आपल्याला आणि आईला बोलावीन.

आईस साष्टांग नमस्कार सांगावा. आपण दोघांनी प्रकृतीस जपावे. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक मुलगा