शाळिग्राम ज्या नदीतला, त्या नदीपर्यंत

पुणे,
कोजागरी पौर्णिमा, 16 ऑक्टोबर 2024

तीर्थरूप आई आणि बाबांना
शिरसाष्टांग नमस्कार.

दसऱ्याच्या दिवशी मी फोनवर नेपाळचा विषय काढला, तेव्हा आई, तू फक्त "बरं" म्हणालीस आणि फोन बाबांच्या हातात दिलास. बाबांनी पुण्यात पाऊस थांबला का एवढे विचारले आणि ठेवून दिला. तुझ्या त्या "बरं"चा अर्थ मला कळत्या वयापासून ठाऊक आहे. चार दिवस तो शब्द माझ्या कानातून जात नाही. फोनवर बोलायला लागले की माझा गळा भरून येतो आणि सांगायचे ते राहून जाते, म्हणून आज सगळे मसाला दूध पिऊन झोपल्यावर पत्र लिहायला बसले आहे.

सांगायचे ते आधीच सांगते, म्हणजे पुढचे तुम्ही शांतपणे वाचाल. मी जाणार आहे. रजा मंजूर झाली आहे आणि तिकिटेही काढली आहेत. तुम्हाला विचारायच्या आधी मी हे ठरवले आणि मग नुसते कळवले, ही माझी चूक झाली. या वयात आईबापांची परवानगी कशाला लागते, असे मैत्रिणी म्हणतात, पण मला ते पटत नाही. परवानगी नाही, तरी तुमचा आशीर्वाद मला हवाच आहे, आणि तो मनात भीती ठेवून दिलेला नको आहे.

तुम्हाला कशाची भीती वाटते, हे मला माहीत आहे. ऑगस्टमध्ये आपल्या वरणगाव-भुसावळ भागातल्या यात्रेकरूंची बस नेपाळमध्ये मर्स्यांगदी नदीत कोसळली, त्याला अजून दोन महिनेही झालेले नाहीत. त्या माणसांना तुम्ही बाजारात पाहिलेले होते. त्यानंतर सप्टेंबरअखेरीस काठमांडूकडे महापूर आला. अशा वेळी लेकीने नेपाळला, आणि तेही सायकलने जायचे म्हटल्यावर आईच्या पोटात गोळा येणारच. म्हणून बेत आखताना या दोन्ही गोष्टी मी समोर ठेवल्या होत्या. ती बस पोखऱ्याहून काठमांडूला निघाली होती. त्या रस्त्यावर मी पाऊलही ठेवणार नाही. आधी आम्ही तिघी काठमांडूपर्यंत जाणार होतो, पण पुरानंतर तो भाग पूर्णपणे काढून टाकला. आता सोनौलीला सीमा ओलांडायची, लुंबिनी, बुटवल आणि तानसेनमार्गे पोखऱ्याला पोहोचायचे आणि त्याच रस्त्याने परतायचे. सीमेपासून पोखऱ्यापर्यंत हा रस्ता सुमारे 180 किलोमीटरचा आहे. त्याला सिद्धार्थ राजमार्ग म्हणतात आणि तो भारताच्या मदतीने बांधलेला आहे. आम्ही दिवसाला चाळीस किलोमीटरच्या आसपासच जाणार आहोत. पुण्याहून महाबळेश्वरला मी पसरणी घाटाने दोनदा सायकलवर जाऊन आले आहे. तेव्हा तुम्हाला आल्यानंतर सांगितले, हेही आज कबूल करते.

बाबा, यात दरडीचा एक टप्पा आहे, तो लपवत नाही. बुटवल सोडल्यावर लगेच सिद्धबाबाच्या मंदिराजवळ डोंगर ठिसूळ आहे आणि पावसाळ्यात तिथे दगड येतात. म्हणून तर तिथे बोगद्याचे काम चालू आहे. आम्ही पावसाळा सरल्यावर कोरड्या हवेत, सकाळी लवकर तो भाग ओलांडू, आणि आदल्या रात्री जरी पाऊस झाला तरी बुटवलमध्येच एक दिवस थांबू. तेवढ्यासाठीच दोन दिवस जास्तीचे ठेवले आहेत.

चढाचे म्हणाल, तर तुमच्या रेल्वेच्या भाषेत सांगते. बुटवल दोनशे मीटर उंचीच्या आसपास आहे आणि तानसेन सुमारे साडेतेराशे मीटरवर. मधले अंतर चाळीस किलोमीटरच्या आत आहे. मी कागदावर भागाकार केला, तेव्हा सरासरी चढ जवळपास कसारा घाटाएवढाच निघाला, तुम्ही नेहमी सांगायचात तो सदतीसाला एक, म्हणजे सदतीस मीटर अंतरात एक मीटर चढ. तिथे गाडीला मागून बँकर इंजिने लावतात, मला मात्र गिअरवरच भागवायचे आहे. माझ्या सायकलीचे पुढचे सर्वांत लहान चक्र 26 दातांचे आहे आणि मागचे सर्वांत मोठे 34 दातांचे, म्हणजे पायडलाच्या एका पूर्ण फेऱ्यात मागचे चाक जेमतेम पाऊण फेरा घेते. वेग माणसाच्या चालण्याइतकाच राहतो, पण गुडघ्यावर ताण येत नाही. जिथे दम लागेल तिथे उतरून सायकल ढकलेन, त्यात मला मुळीच कमीपणा वाटत नाही. उतारासाठी ब्रेकचे पॅड नवे घातले आहेत, जुनेही बरोबर घेतले आहेत. यावलच्या रस्त्यावरची ती संध्याकाळ मी विसरलेले नाही, बाबा. तुम्ही त्यानंतर सायकलला हात लावला नाहीत, हेही मला माहीत आहे. म्हणूनच प्रत्येक नट मी स्वतः तपासते.

आता तुम्ही विचाराल की फिरायचेच होते तर कोकण होते, गोवा होते, मग सीमेपलीकडे कशाला? याचे खरे उत्तर मी तुमच्या जावयांनाही नीट दिलेले नाही. ते आपल्या देवघरात आहे.

आपला शाळिग्राम गंडकी नदीतला आहे, असे आजी सांगायची. मला तो आठवतो तो ओला, नुकताच ताम्हनातून काढलेला, काळाभोर, आणि एका बाजूला टवका उडालेला. त्या टवक्यातून आत गोगलगाईसारखे वेटोळे दिसायचे. त्यात करंगळीचे टोक घालायला मला फार आवडे आणि आजी हातावर चापट मारायची. मोठी झाल्यावर वाचले की ते वेटोळे म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या जीवाच्या शंखाचा ठसा आहे. जिथे आज हिमालय आहे, तिथे तेव्हा समुद्र होता. वाचल्यावर माझी श्रद्धा कमी झाली नाही, उलट तो दगड मला अधिकच मोठा वाटू लागला. समुद्राच्या तळातून डोंगरावर, डोंगरातून नदीत, आणि नदीतून कुणाच्या तरी झोळीतून थेट भुसावळच्या रेल्वे क्वार्टरपर्यंत तो आला. तो ज्या वाटेने आला, ती वाट आपण एकदा तरी उलटी चालून पाहावी, असे मला फार वर्षांपासून वाटते आहे.

तानसेनहून उतरल्यावर रामदी नावाचे ठिकाण लागते. तिथे पुलावरून काली गंडकी, म्हणजे आजी सांगायची तीच गंडकी, ओलांडावी लागते. आमच्या बेताप्रमाणे मी तिथे 15 नोव्हेंबरला असेन. मुद्दाम जुळवलेले नाही, पण कालनिर्णय उघडून पाहिले तर ती त्रिपुरी पौर्णिमा निघाली.

आई, तुझ्या मनाला हेच लागले आहे ना? आपल्याकडे तुळशीचे लग्न पौर्णिमेलाच असते आणि अंतरपाटाचे एक टोक नेहमी माझ्या हातात असते. लग्नानंतरही मी एकदोनदाच चुकले. या वर्षी तू ऊस, चिंचा, आवळे मांडशील, वृंदावनाला गेरू लावशील आणि मी नसेन. धाकटा भाऊ इतका लांब आणि मीही नाही, या विचाराने माझे पाऊल दोनदा मागे फिरले. पण नवरदेव ज्या नदीतला, तिच्या काठी मी त्याच दिवशी उभी असेन, हे मनात आले आणि वाटले की मी त्या लग्नाला नाही असे तरी कसे म्हणायचे? मी काही उचलून आणणार नाही. शाळिग्राम तर वर मुक्तिनाथाकडच्या पात्रात सापडतात. मी फक्त त्या पाण्यात हात बुडवेन आणि तुम्हा दोघांसाठी नमस्कार करेन.

माझ्या खाण्यापिण्याची काळजी करू नकोस. तिकडे रोजचे जेवण म्हणजे डाळ, भात आणि भाजी, आणि तेही आग्रहाने पुन्हा वाढतात. तानसेनला चुकाउनी नावाचा पदार्थ करतात, उकडलेल्या बटाट्याच्या फोडी दह्यात घालून फोडणी दिलेली. म्हणजे आपल्या दह्यातल्या बटाट्याची चुलतबहीणच. राहायला सगळीकडे लॉज आहेत, तंबू ठोकायचा नाही. आम्ही तिघी आहोत आणि अंधार पडल्यावर सायकल चालवायची नाही, असे आधीच ठरले आहे. आपल्या माणसांना नेपाळला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट आणि मतदान ओळखपत्र दोन्ही जवळ ठेवेन. बाबा, तुम्ही खर्चाला म्हणून पाचशेच्या नोटा काढून ठेवल्या असतील, त्या ठेवूनच द्या. तिथे शंभराच्या वरच्या भारतीय नोटा चालत नाहीत. आपल्या शंभर रुपयांचे त्यांचे एकशे साठ होतात, तेव्हा खर्चही फार नाही.

मतदान ओळखपत्रावरून आठवले. कालच जाहीर झाले की विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबरला आहे. त्या दिवशी मी परतीच्या वाटेवर असेन. तिकिटे आधी काढली होती, तरीही मला वाईट वाटते. बाबा, तुम्ही ड्युटीवरून थेट मतदान केंद्रावर जायचात, ते मी पाहिलेले आहे. या एका बाबतीत तुम्ही रागावलात तर मी ऐकून घेईन.

दिवाळीला मात्र आम्ही सगळे येत आहोत. भाऊबीज झाल्यावर तुमचे जावई आणि नातू पुण्याला परततील आणि मी 9 तारखेपर्यंत तुमच्याजवळच राहीन. छठपूजेच्या गर्दीत गाडी पकडायची नाही, हे तुमच्याकडूनच शिकले, म्हणून तारीख पुढची घेतली. भुसावळलाच कुशीनगर एक्स्प्रेसमध्ये बसेन आणि सायकल ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गार्डाच्या आणि सामानाच्या डब्यात, चढवेन. बाबा, तुमचा अर्धा जन्म त्या डब्यात गेला. सायकल नीट बांधली आहे की नाही ते तुम्ही स्वतः पाहावे, अशी माझी फार इच्छा आहे. लहानपणी तुमच्या सायकलीच्या दांडीवर टॉवेल गुंडाळून तुम्ही मला बसवायचात आणि यार्डाच्या कडेने घरी आणायचात. माझ्या केसांवर तुमची हनुवटी टेकायची आणि तुमच्या डगल्याला कोळशाचा वास यायचा. आजही चढावर दम लागला की मला ती हनुवटी डोक्यावर जाणवते.

आता माझे ऐका. आई, फराळाचे डबे काढायला स्टुलावर चढायचे नाही. बाईंना सांग, नाहीतर मी येईपर्यंत डबे वरच राहू देत. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी आणलेला नाही. बाबा, साखरेची गोळी जेवणाच्या आधीची आणि रक्तदाबाची सकाळची, यांची अदलाबदल होता कामा नये. मी दोन रंगांच्या डब्या आणते आहे. रात्री गच्चीचे दार बघायला एकट्याने जाऊ नका. डिसेंबरात मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे, तोपर्यंत संध्याकाळनंतर स्कूटर काढायची नाही, अगदी कोपऱ्यावर दूध आणायलासुद्धा नाही. ऑपरेशनच्या वेळी मी आठ दिवस आधीच येऊन राहणार आहे, त्याची रजा याच अर्जात मागून घेतली आहे. शेजारच्या काकूंना आणि आपल्या डॉक्टरांना मी बोलून ठेवले आहे. मी रागावून लिहीत नाही. तुम्हा दोघांना काही झाले, तर मला कुठल्याच रस्त्यावर सायकल चालवता येणार नाही.

रोज मुक्कामाला पोहोचल्यावर फोन करीन. डोंगरात कधी रेंज नसेल आणि उशीर होईल, तेव्हा लगेच घाबरून जाऊ नका, आणि टीव्हीवरच्या बातम्या तर मुळीच लावू नका. 24 नोव्हेंबरला मी परत भुसावळला उतरेन. त्या दिवशी आई, मला कळण्याची भाकरी आणि भरीत हवे आहे. तोवर वांगी चांगली यायला लागतील. तुझ्यासाठी तानसेनहून पितळेचा करुवा आणेन. ते नळी असलेले पाण्याचे भांडे असते, तिथले कारागीर फार सुंदर घडवतात. तुळशीला पाणी घालायला तुला आवडेल.

या पत्राला उत्तर लिहायचे कष्ट घेऊ नका. फक्त उद्या-परवा आईने स्वतः फोन करावा आणि "बरं" सोडून काहीही बोलावे.

तुमची,
ताई

ता. क. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते. पौर्णिमेला तुम्ही साडेसहाला मंगलाष्टके सुरू कराल, तेव्हा माझ्याकडे पावणेसात वाजलेले असतील आणि मी मुक्कामावर पोहोचलेली असेन. बाबांनी व्हिडिओ कॉल लावून फोन अंतरपाटाच्या माझ्या बाजूला ठेवावा. अक्षता मी इथूनच पुडीत बांधून नेते आहे.